हाव म्हणाले

आमच्या दवाखान्याच्या नळाला लोखंडाचा वास येतो.
मरण झालं की मी कोपरापर्यंत हात धुते,
चाळीस मोजते.
हे एलिकुट्टी सिस्टरांनी शिकवलं. मूळच्या केरळच्या,
पण म्हाताऱ्या झाल्या इथेच, सिंदेवाहीत, धानाच्या मुलखात.
म्हणायच्या, रडायचं ते चाळिसाच्या आत,
एकेचाळिसाव्याला शेजारच्या खाटेचं सलाईन संपत असतं.

बावीस वर्षं झाली.
आता बहुतेकदा तिसालाच नळ बंद होतो,
त्याचीच कधी कधी भीती वाटते.

रजिस्टरात वेळ लिहायची.
नळी काढायची, कापूस लावायचा, पायाचे अंगठे जोडून बांधायचे.
पेला, फणी, खर्र्याची पन्नी
पिशवीत भरून नातलगांची सही घ्यायची.
एवढं सगळं शिकवतात.
मरणारं माणूस काय विचारतं ते नाही शिकवत.

देवाचं कोणी विचारत नाही,
निदान माझ्या पाळीत तरी नाही.
नन्नावरे बुवा विचारायचे, तलावाची तुडूम उघडली का.
सिकलची एक पोरगी, सतराची,
बारावीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख विचारत होती.
मी फोन करून विचारलं, तिला सांगितली.
तारीख खरी होती.

मग तानाबाई गुरनुले, खाट चार.
लेक-सून तेलंगणात, मिरची तोडायला.
पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे,
आणि दर तासाला एकच:
बाई, माही बकरी व्याली का वं?

पहिल्या रात्री म्हणाले, माहीत नाही जी.
दुसऱ्या रात्री म्हणाले, झोपा.
तिसऱ्या रात्री दोन वाजता म्हणाले, हाव, व्याली.
का झालं?
दोन पाटी. एक काळी, एकीच्या कपाळावर चांद.
चांद कुठून आला मलाच ठाऊक नाही.
ती हसली. बिनदाताची, मोठ्या हक्कानं.
काळीले जपजो, म्हणाली, तिले थंडी बाधते.
जपते, म्हणाले.

तीन वाजून दहा.

त्या पहाटे चाळीस झाले, साठ झाले, नव्वद,
शेवटी देवतळे दारातून ओरडला,
बाई, टाकी रिकामी करता का आता?

मार्चात सुट्टीच्या दिवशी तिच्या गावाची गाडी धरली.
कशाला, ते घरी सांगितलं नाही.
अंगणात मोहफुलं वाळत होती,
सून मिरचीनं सोललेली बोटं ताकात बुडवून बसलेली.
ती मला ओळखणार कुठून. मीच म्हणाले,
इकडून चालले होते, पाणी द्या.
खुंट्याला बकरी. एकटीच.
व्याली नाही का? मी विचारलं, जसं कोणीही विचारेल.
ते वांझ आहे जी, तीन साल झाले.
बुढी आयकतच नोती, इकू देत नोती.
आता या बाजारात नेतो.

पाणी प्याले. मोहफुलांकडे बकरीनं तोंड लांबवलं
तर सुनेनं तिला बसल्या जागेवरून शिवी दिली.
मी काही बोलले नाही.
बोलायला काय होतं माझ्याकडे,
एका खोट्या शब्दाच्या दोन पाटी?

परतीच्या गाडीत खिडकीची काच अडकलेली,
तोंडावर धूळ. बरं वाटलं.

आता पुन्हा डिसेंबर आहे, रात्रपाळी.
खाट चारवर दुसरं कोणी आहे, घोरतं, चांगलं आहे.
बाहेर दव पत्र्यावरून ठिबकतंय
आणि मला त्या काळीची काळजी लागलीय,
जी कुठेच नाही,
जिला थंडी बाधते.

एलिकुट्टी सिस्टर,
हिच्यासाठी किती मोजायचं?